लालसूचा दगड आणि दोन गाड्या

लालसू मेला त्याला वर्ष होत आलं होतं आणि त्याच्या पोराला, इसरूला, अजून रडू आलं नव्हतं. याची त्याला काळजी वाटत होती असंही नाही. काळजीसुद्धा आली नव्हती. सकाळी उठायचं, पिकअप पुसायची, आलापल्लीहून सिमेंट भरायचं, भामरागडला उतरवायचं, येताना मिळेल ते आणायचं. तांदूळ, बकऱ्या, लग्नाचा मंडप. एकदा एका साहेबाचं कपाट आणलं, तर त्यात साहेबाचा कुत्रा झोपलेला निघाला. लोक म्हणायचे, पोरगा धीराचा आहे. इसरूला तो धीर वाटत नव्हता. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर ओठ दुसऱ्याचा वाटतो, तसा तो स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. आणि तो दुसरा कोण, हे विचारायचा त्याला कंटाळा होता.

माघ लागला तशी बुधरी आत्या तिच्या गावाहून पायी चालत आली. बुधरी म्हणजे लालसूची थोरली बहीण. तिनं पाणी मागितलं नाही, खुशाली विचारली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "माह्या भावाचा दगड कुठी आहे?"

"जिथी होता तिथीच आहे," इसरू म्हणाला.

"मंग तो काय चालत येईल?"

गावाची रीत अशी, की मेलेल्या माणसाच्या नावानं एक लांबोळका दगड आणून रस्त्याच्या कडेला उभा रोवायचा, आधीच्या म्हाताऱ्यांच्या दगडांच्या रांगेत. दगड रोवला की माणूस आपल्या लोकांत जाऊन बसला. तोवर तो बाहेरच ताटकळत उभा. दगड खांद्यावर आणायचा आणि वाटेत त्याला विचारत यायचं. हलका झाला, तर माणूस राजी आहे. जड झाला, तर त्याला काहीतरी खुपतंय. काय खुपतंय ते एकेक विचारून काढायचं आणि ज्या गोष्टीला दगड हलका उचलला जाईल, तेच त्याचं उत्तर. हे खरं का, असं गावात कोणी विचारत नाही. रेंज नसताना मोबाईल डोक्यावर धरून फिरल्यानं काय होतं, हे तरी कोण विचारतं?

अडचण अशी होती, की लालसूनं आपला दगड जिवंतपणीच निवडून ठेवला होता आणि तो गावापासून बराच लांब, आलापल्लीच्या वाटेवर, एका डोंगरीच्या वळणाला होता. त्या वळणावर त्याच्या गाडीचं इंजिन हटकून तापायचं. इंजिनात पाणी ओतून ते निवेपर्यंत लालसू ज्या दगडावर बसून बिडी ओढायचा, तोच हा दगड. "माह्यासाठी हाच," असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कोणी आधी मेलं तर त्यानं हा घेऊ नये म्हणून.

दुसरी अडचण खांद्यांची. गावातली पोरं तेलंगणात मिरची तोडायला गेलेली. उरलेल्यांत इसरू होता, गुडघे धरून बसणारे दोन म्हातारे होते आणि इसरूचा धंद्यातला जोडीदार प्रफुल होता, जो गावचाच काय, जमातीचाही नव्हता. तो चिमूरकडचा, बौद्ध घरचा पोरगा. पिकअपमध्ये अर्धा हिस्सा त्याचा. बोलण्यात मात्र पाऊण.

तेव्हा गावच्या पेरमानं, म्हणजे देवाधर्माचं पाहणाऱ्या लच्छूनं, निवाडा दिला, की दगड गाडीनं आणला तरी चालेल. "खांदा म्हणजे काय? उचलून आणते तो खांदा," तो म्हणाला. इतपत सोपं होतं. पण गाड्या दोन होत्या.

पहिली शेठीण. तिचं खरं नाव इंग्रजीत होतं आणि ते बोनेटवरून कधीच गळून पडलं होतं. एका लाकडाच्या ठेकेदारानं, ज्याला सगळे शेठ म्हणत, फार जुन्या काळी ती मुंबईहून आणवलेली. विलायती, दुधाच्या सायीच्या रंगाची, आणि इतकी लांब, की वळणावर तिचं तोंड पुढच्या गावात आणि शेपूट मागच्या गावात असायची. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. मागची सीट म्हणजे सोफाच. प्रत्येक दाराला सिगारेटची राख झटकायची चांदीच्या रंगाची डबी. शेठ ओढत नसे, म्हणून लालसू त्या डब्यांत चिंचोके ठेवायचा. शेठचा धंदा बसला, शेठ गेला, गाडी लालसूला देऊन गेला. मोठ्या मनानं नव्हे. दुसऱ्या कोणाच्या हातानं ती सुरूच होत नव्हती.

दुसरी पिकअप. पांढरी, तीन वर्षांची. एसी, गाणी, मागं घेताना दाखवणारा कॅमेरा, आणि पट्टा लावला नाही की टुंग टुंग करणारी घंटा. तिला सगळं कळायचं. दार उघडं आहे हे कळायचं, हवा कमी आहे हे कळायचं. सर्व्हिसिंगची तारीख इसरूच्या आधी तिला कळायची.

पिकअप घरी आली त्या दिवशी लालसूनं तिच्याभोवती एक फेरी मारली, चाकाला पाय लावून पाहिला आणि म्हणाला, "बरी आहे." मग टोपली उचलून तो भामरागडच्या बाजाराला पायी निघाला. इसरूनं गाडी त्याच्या शेजारून काढली, काच खाली घेतली.

"बस ना बा."

"तू हो पुढं."

इसरू पुढं झाला नाही. पहिल्या गिअरमध्ये तो बापाच्या चालीनं गाडी चालवत राहिला. आत एसी, बाहेर बाप. मागून बकऱ्यांचा कळप आला, दोघांनाही ओलांडून गेला. बाजारापर्यंत बापलेक असेच गेले आणि संध्याकाळी असेच परत आले, फक्त टोपलीत वाळकी मासळी होती. लालसूचं पिकअपशी वाकडं नव्हतं. त्यानं आयुष्यभर गाडी चालवली होती आणि दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीवर त्याचा विश्वास नव्हता. नाइलाजानं एसटीत चढला तर बसायचा नाही, ड्रायव्हरशेजारी उभा राहायचा, आणि वळण आलं की उजव्या पायानं रिकामा पत्रा दाबायचा.

इसरूला जगात एकच गोष्ट पाहिजे होती, ती ही: आपण चालवतो त्या गाडीत बानं एकदा बसावं. जिवंतपणी जमलं नाही. दगड होऊन तरी.

म्हणून अंगणात जेव्हा वाद सुरू झाला, तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "पिकअपनं आणू." आणि पुढचं सगळं प्रफुलवर सोपवलं. प्रफुलला माडिया येत नव्हती, म्हणून घरातले सगळे त्याच्या सोयीसाठी मराठीत भांडत होते.

"पाहा मावशी," प्रफुल बुधरीला म्हणाला, "पिकअप म्हणजे मजबूत. शंभर गोण्या टाका, हूं का चूं करत नाई."

"माहा भाऊ गोणी नाई."

"एसी आहे."

"दगडाले गरम होते का?"

"मागचं दिसते, कॅमेरा आहे."

"मेलेल्यानं मागं पाहून काय करावं?"

प्रफुलनं जरा दम घेतला. "बरं, शेठीण काय देते? लिटरभर पेट्रोल तर तिले नुसता घसा साफ करायले लागते. पावसाळ्यात चार महिने ते कोंबड्यांचं घर असते. आणि आपली पिकअप? नाल्याले पूर असताना गावच्या रीनाले दवाखान्यात कोणं नेलं? मागच्या उघड्या डाल्यात बाळंत झाली ते. पोरगं आता चालून राह्यलं."

"हाव, नेलं," बुधरी म्हणाली. "उघड्यावर, ताडपत्रीत. शेठीणीत गादी आहे. शेठीणीत बसलेला माणूस उतरताना डोक्यावर हात फिरवते, केस नीट करते. तुह्या डब्यातून उतरलेला माणूस पहिले पाठ धरते."

यावर दोन्ही म्हातारे हसले. पाठ धरूनच.

"तुमच्यात भारी आहे गा," प्रफुल हळूच इसरूला म्हणाला. "आमच्यात भंतेजी येतात, वंदना होते, जेवण होते, विषय संपते. तुमच्यात माणूस गाडी पसंत करते."

"तुह्या बापानं केली असती का पिकअप पसंत?"

"माहा बाप एसटीत कंडक्टर होता. तो पास विचारल्याशिवाय तिरडीवर नसता चढला."

इसरूची आई, सोमारी, एवढा वेळ सुपात तांदूळ पाखडत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "पोरगा म्हणते तर पिकअपनं आणा. तो नाई म्हणाला तर सांगेलच." तो म्हणजे लालसू. सोमारी अजून त्याच्याबद्दल असं बोलायची, की जणू तो मागच्या बाजूला लाकडं फोडतोय.

सकाळी ते गेले. इसरू, प्रफुल, लच्छू, बुधरी आणि दोन्ही म्हातारे. डोंगरीच्या वळणाला दगड होता, छातीएवढा लांब, चपटा, लालसूच्या बुडानं एका बाजूला गुळगुळीत झालेला. लच्छूनं त्यावर मोहाच्या दारूची धार धरली, नाव घेतलं, घरी चल म्हणाला. बांबू घालून चौघांनी उचलला आणि पिकअपच्या डाल्यात ठेवला. काही जड झाला नाही. इसरूनं खाली कांबळ टाकलं होतं, दोन्ही बाजूंनी दोर आवळला. मग तो जागेवर बसला, पट्टा लावला, आरशात पाहिलं. आरशात बा होता. आडवा, पण होता.

आता काहीतरी वाटेल, असं इसरूला वाटलं. त्यानं थोडी वाट पाहिली. मागं एका म्हाताऱ्यानं डाल्यावर थाप मारली, "चल गा." इसरू निघाला. तो इतका हळू चालवत होता, की शेजारी बसलेल्या प्रफुलनं विचारलं, गिअर अडकला का.

पहिल्या नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, पिकअपच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. मग गाडीचा जोर गेला. मग ती रपट्याच्या ऐन मध्यावर थांबली आणि पुन्हा सुरू होईना.

प्रफुलनं चंद्रपूरला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, सेन्सर असेल, लॅपटॉप लावून पाहावा लागेल, गाडी घेऊन या. प्रफुलनं विचारलं, बंद पडलेली गाडी घेऊन कशी येऊ. तो म्हणाला, ते आमच्याकडं आल्यावर पाहू.

"सेन्सर नाई," मागून बुधरी म्हणाली. "जड झाला."

सगळे खाली उतरले. लच्छूनं दोर सोडून दगडाला बांबू लावायला सांगितले. चौघं परत डाल्यात चढून उभे राहिले, उजवीकडं पुढं इसरू. लच्छू विचारणार आणि ते उचलणार.

"दारू कमी पडली?" लच्छूनं विचारलं.

उचलला. उठेना. बोटभर हलला आणि बसला.

"बहिणीवर राग आहे?"

"माह्यावर कायचा राग?" बुधरी म्हणाली. उचलला. जड.

"पाव्हण्या पोराचा विटाळ झाला?" प्रफुल एकदम सरळ उभा राहिला. उचलला. जड. प्रफुल म्हणाला, "धन्यवाद, काका."

लच्छूनं नजर नाल्याकडं वळवली. इसरूकडं पाहिलं नाही. "गाडी नाई आवडली?"

उचलला. दगड वर आला. कांबळ्यापासून हातभर, अलगद, झोपलेलं पोर उचलावं तसा.

नाल्यात थोडं पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. सगळ्यांनी इसरूकडं पाहिलं आणि मग सगळ्यांनी दुसरीकडं पाहिलं. इसरू आपल्या हातांकडं बघत होता. त्याला खात्रीनं सांगता येत नव्हतं, की दगड हलका झाला की या वेळी आपणच जास्त जोर लावला. आणि लावला असेल, तर का लावला. ज्याला बापानं नाही म्हटलं, त्याला वाईट वाटतं. इसरूनं चाचपून पाहिलं. वाईट कुठं सापडलं नाही. फक्त तळहाताला बांबूची साल लागली होती, तिथं पांढरं झालं होतं.

"आणतो शेठीण," तो म्हणाला.

मागून, गावाकडं निघालेला एक कोंबडीवाला दुचाकीवर आला. दोन्ही बाजूंना उलट्या टांगलेल्या कोंबड्या आणि मधे जेमतेम जागा. इसरू त्या जागेत बसला. गाव येईपर्यंत डाव्या गुडघ्याशी एक कोंबडी उलट्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होती. त्यानंही बघितलं. दोघांनाही एकमेकांबद्दल काही म्हणायचं नव्हतं.

शेठीण चिंचेखाली ताडपत्रीत होती. इसरूनं ताडपत्री ओढली, तीन कोंबड्या बाहेर निघाल्या, त्या दुचाकीकडं पाहून परत आत गेल्या. पिकअपची जुनी बॅटरी घरी पडली होती, ती त्यानं जोडली. किल्ली खुंटीला होती. हयातीत लालसूनं ती कोणाच्या हातात दिली नव्हती. इसरू बसला, किल्ली फिरवली. शेठीण खोकली आणि गप्प झाली.

सोमारी ओट्यावर बसून होती. उठली नाही. "एवढ्या लवकर नाई," ती म्हणाली. "तो पहिले बिडी लावत होता."

इसरू बिडी ओढत नव्हता. बिडी लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो नुसता बसला. मग किल्ली फिरवली. शेठीण घरघरली.

"आता पाय सोड. आता दाब. नाई, एवढा नाई."

तिनं हा आवाज रोज सकाळी चुलीपाशी बसून ऐकला होता. गाडीत ती किती वेळा बसली होती, ते बोटांवर मोजलं असतं तरी बोटं उरली असती. शेठीण सुरू झाली. चिंचेवरचे बगळे उडाले. सोमारी म्हणाली, "हे असं," आणि सूप घेतलं.

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. तो गेली वीस वर्षं अर्ध्यावरच होता, पण हे फक्त लालसूला माहीत होतं.

रपट्याशी पोचल्यावर बुधरीनं आपलं धुतलेलं लुगडं मागच्या सीटवर अंथरलं. दगड आडवा मावेना. मग उभाच तिरपा ठेवला, बूड पायाशी, पाठ सीटला, डोकं छताखाली. एकदम माणूस बसल्यासारखा दिसायला लागला. दार लावताना एका म्हाताऱ्यानं दगडाला म्हटलं, "हात सांभाळ."

बुधरी पुढं इसरूच्या शेजारी बसली. बाकीचे मागून पायी येणार होते. शेठीण रपटा चढली, चढावरचा मोह ओलांडला, आणि एक लांब सुस्कारा टाकून थांबली. इसरूनं किल्ली फिरवली. बिडीएवढा वेळ थांबून पुन्हा फिरवली. काटा अर्ध्यावर होता.

खाली रपट्यावरून हॉर्न आला. प्रफुलनं मोबाईलला करतात तसं पिकअपचं सगळं बंद करून दहा मिनिटांनी चालू केलं होतं आणि पिवळा दिवा गेला होता. तो पिकअप घेऊन चढावर आला, खिडकीतून डोकं काढलं.

"काऊन? आता हेही नाई आवडली का?"

"पेट्रोल संपलं असन."

"मंग टाकू ना बा— सॉरी, काकाले पिकअपमध्ये."

"एकदा नाई म्हणाला तर नाई," लच्छू मागून धापा टाकत आला होता. "पुन्हा विचारत नाई. अपमान होते."

"कोणाचा?"

"दोघाइचा."

पेट्रोल भामरागडला. बाटलीतलं मिळालं असतं, पण बाटल्या ठेवणारा दुकानदार लग्नाला गेला होता, आणि बाटलीनं शेठीणीचे ओठही ओले झाले नसते. प्रफुलनं मंडपाचा नायलॉनचा दोर काढला. एक टोक पिकअपच्या मागं, एक शेठीणीच्या पुढं. लच्छूनं यावर बराच विचार केला. दगड ज्या गाडीत बसलाय ती ओढली जातेय, ओढणारी गाडी त्याला नको होती, पण तो तिच्यात बसलेला नाही. शेवटी तो म्हणाला, "बैलाले कोण विचारते?" आणि पिकअपमध्ये, एसीत जाऊन बसला.

प्रफुल पुढं, इसरू मागं. इसरूच्या हातात स्टेअरिंग आणि पायाखाली ब्रेक, बाकी गाडी मेलेली. दोर ताणला गेला आणि शेठीण निघाली, एकदम शांत. पहिल्यांदाच त्यानं पिकअप रस्त्यानं जाताना मागून पाहिली. तो सतत आत असायचा. मागून ती एक चालतं कपाट दिसत होती. बाजारच्या दिवशी बाला ती कशी दिसली असेल, हे त्याच्या डोक्यात आलं. बा तर शेजारून चालत होता. शेजारून कशी दिसते, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

पहिला उतार आला. दोर सैल पडला, इसरूनं ब्रेक दाबला आणि मागचा दगड पुढं सरकून त्याच्या सीटला टेकला. सीट जुनी, आतला फोम भुगा झालेला. दगड पाठीत लागला. पाठीच्या मधोमध, तळहाताएवढा.

इसरू ताठ झाला. बुधरीनं मागं वळून पाहिलं.

"ब्रेक दाबून राह्यला तो," ती म्हणाली. "दाबू दे. तू तुहं पाह्य."

पुढच्या उतारावर पुन्हा. वळणावर पुन्हा. इसरू ब्रेक जरा उशिरा दाबायचा की लगेच पाठीत. लवकर, हळूहळू दाबला, की नाही. थोड्या वेळानं त्याला ते कळायला लागलं. तो वळण दिसायच्या आधीच पाय हलका टेकवू लागला.

जंगलाच्या नाक्यावर बांबू आडवा होता. नाक्यावरचा माणूस नवा, वर्दी कडक. त्यानं शेठीणीभोवती फेरी मारली. मागच्या काचेतून आत पाहिलं आणि मागं सरला.

"कोण आहे?"

"बा," इसरू म्हणाला.

त्यानं पुन्हा पाहिलं. "दगड आहे."

"हाव. बा."

"दगडाले पास लागते. गौण खनिज आहे."

"डाल्यात असता तर हाव," प्रफुल पुढून उतरून आला होता. "सीटवर बसला आहे तो, साहेब. सीटवर बसला तो माणूस. माहे वडील एसटीत कंडक्टर होते, मले नका सांगू. बसून आला तर प्रवासी, डोक्यावर आला तर सामान."

नाक्यावरच्या माणसानं हे मनात दोनदा फिरवलं. त्यात चूक कुठं आहे ते त्याला सापडलं नाही. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि बांबू वर केला. गाडी बाजूनं जाताना त्यानं मागच्या काचेला नकळत नमस्कार केला आणि मग इकडं तिकडं पाहिलं.

नाक्यानंतर रस्ता सपाट. इसरू चालवत होता, म्हणजे वळवत होता. बुधरी कधीतरी बोलायची थांबली. पाठीत काही लागत नव्हतं. बराच वेळ लागलं नाही. तेव्हा इसरूनं आरशात पाहिलं. दगड मागच्या गादीत टेकला होता, डोकं खिडकीच्या काचेला लागलेलं, गाडीच्या डुलण्याबरोबर डुलत.

गावात शिरल्यावर लोक घरांतून बाहेर आले. सोमारी वाटेत उभी होती. ती गाडीच्या बाजूनं चालू लागली, आत बघत. इसरूनं काच खाली घेतली, पण बस म्हणाला नाही. तिनं खिडकीवर हात ठेवला आणि तशीच रांगेपर्यंत आली.

रस्त्याच्या कडेला दगडांची रांग, शेवटी खोदलेला खड्डा. दगड काढला, उभा केला, खड्ड्यात बसवला. आता एकच काम राहिलं होतं. माती लोटायच्या आधी पोरानं मेलेल्याला सांगायचं, की तू इथं कसा आलास. म्हणजे त्याला वाट माहीत राहते, आणि आपण परक्यासारखे आणून टाकले गेलो असं त्याला वाटत नाही. खांद्यावर आणलं असेल तर खांद्यांची नावं सांगायची.

"सांग," बुधरी म्हणाली. "शेठीणीत आला म्हण. खरंच आहे."

"ओढली कोणं?" प्रफुल म्हणाला. "पिकअप नसती तर अजून मोहाखाली उभा असता. पिकअपचं नाव घ्या."

"दोराचंबी घेऊ का?"

"घ्या ना. दोर माहाच आहे."

रांगेपाशी जमलेले लोकही दोन्हीकडं झाले. एक म्हणाला, बसला त्यात आला. दुसरा म्हणाला, बैलगाडीत बसलेला माणूस चाकानं येतो का बैलानं? एका म्हाताऱ्यानं रीना कुठल्या गाडीत बाळंत झाली ते पुन्हा काढलं. लच्छूनं हात वर केला. "खोटं सांगू नको, एवढंच," तो इसरूला म्हणाला. "खोटं सांगितलं तर रस्ता चुकते तो."

इसरू खड्ड्याशी बसला. दगडाचा गुळगुळीत भाग त्याच्या तोंडासमोर होता. त्यानं शेठीणीकडं पाहिलं, मग पिकअपकडं. शेठीणीखाली तेलाचा डाग वाढत होता. पिकअपचं दार नीट लागलं नव्हतं आणि ती ते सगळ्यांना सांगत होती, टुंग टुंग.

"बा," तो म्हणाला, "तू मागच्या सीटवर बसून आला. गाडी माह्या हातात होती."

बुधरी काहीतरी बोलायला गेली. सोमारीनं तिचा दंड धरला.

"आणखी?" लच्छूनं विचारलं.

इसरूनं दगडाच्या गुळगुळीत भागावर तळहात टेकवला. त्याचा आवाज निघाला तेव्हा तो जरा घोगरा होता, आणि त्यालाच तो ऐकून नवल वाटलं.

"नाक्यापर्यंत तू ब्रेक दाबला," तो म्हणाला. "मंग नाई दाबला. मले वाटते तुले झोप लागली."

लच्छूनं मान डोलावली आणि पायानं माती लोटली.